न घेतलेल्या कर्जाची वसुली

गिरण्या चालू होत्या त्या काळी पगाराच्या दिवशी पठाणी सावकार काठी घेऊन फाटकाशी उभा राहत असे. त्याचे व्याज जबर असे, पण ज्याने पैसे घेतले त्यालाच तो अडवीत असे. आजचा सावकार फोनवरून येतो आणि ज्याने एक पैसाही घेतला नाही, त्याच्याकडेही वसुली मागतो.

आमच्या चाळीतील एका भगिनीला असाच फोन आला. "चाळीस हजारांचे कर्ज थकले आहे. संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर पोलीस घेऊन येतो." समोरच्याने तिचा पत्ता व आधारचे शेवटचे आकडे बरोबर सांगितले. चाळीत बोभाटा नको म्हणून तिने घरी न सांगता पाच हजार भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन! तेव्हा ती माझ्याकडे आली. मी बँकेत कारकून आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

अशा फोनमागे दोन शक्यता असतात. एक, कर्ज मुळीच नसते; कुठून तरी मिळालेल्या माहितीवर धमकी उभी असते. दुसरी, आपल्या कागदांवर कोणी तरी खरोखरच कर्ज उचललेले असते. दोन्हींचे भांडवल एकच, आपली लाज. मे २०२२ मध्ये मालाडच्या एका तरुणाने कर्ज ॲपवाल्यांच्या छळाला कंटाळून आत्महत्या केली. त्याचे विकृत केलेले फोटो ओळखीच्यांना पाठवले गेले होते. त्याने कर्ज घेतलेच नव्हते, असे घरच्यांचे म्हणणे होते.

म्हणून प्रथम हे लक्षात ठेवावे की कर्ज थकणे हा दिवाणी मामला आहे. केवळ त्यासाठी पोलीस अटक करीत नाहीत. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, नातेवाईक व मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. फोन आल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, खाते क्रमांक व करारपत्राची प्रत लेखी मागावी. खऱ्या संस्थेकडे कागद असतो. "थोडे तरी भरा" या शब्दाला भुलू नये; एकदा भरले की मागणी वाढते.

कर्ज खरोखर आपल्या नावावर आहे का, हे पतअहवालात दिसते. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा असतो. त्यात अनोळखी कर्ज दिसल्यास त्या कंपनीकडे व कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

आता आपल्या दारातली गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत जाताना आधार, रेशनकार्ड, वीजबिल यांच्या किती झेरॉक्स आपण वाटल्या, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? यापुढे प्रत्येक प्रतीवर "अमुक कामासाठी" असे लिहून तारीख घालावी व आडवी सही करावी. चालेल तेथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे आधार द्यावे. बिघडलेली झेरॉक्स दुकानात टाकून न येता फाडावी. ओटीपी कोणालाही सांगू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आजीला आलेला फोन आधी तुम्ही ऐका. सदर भगिनीने पहिल्याच दिवशी घरात सांगितले असते, तर तिचे पाच हजार वाचले असते. न घेतलेल्या कर्जाची लाज कसली?