बट्टा आणि भाव

नाण्यांच्या प्रदर्शनास प्रथमच जाणारा मनुष्य भिंतीलगतच्या काचपेट्यांपाशी रेंगाळतो. परंतु सभागृहाच्या मध्यभागी, जेथे मेजांमागे व्यापारी आपापले अल्बम उघडून बसलेले असतात आणि डोळ्याला भिंग लावलेली माणसे वाकून वाकून निरखीत असतात, तेथेच त्या दोन-तीन दिवसांचा खरा कारभार चालतो. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसविलेल्या नाण्याखाली राजाचे नाव असते, टांकसाळ असते, प्रत असते. मात्र किमतीची जागा बहुधा रिकामी असते, किंवा तेथे व्यापाऱ्याने स्वतःच्या खरेदीचा आकडा सांकेतिक अक्षरांत नोंदलेला असतो. ग्राहकाने विचारावे, व्यापाऱ्याने त्याच्याकडे क्षणभर पाहावे आणि मग आकडा उच्चारावा, ही रीत मला पंचवीस वर्षांत कधीच रास्त वाटली नाही.

ही रीत मात्र जुनी आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि कोणत्या रुपयावर किती बट्टा कापावा याचा निवाडा सराफाची नजर, त्याचा काटा आणि त्याची कसोटी करीत असे. रयतेच्या हातातील रुपयाचे मोल रयतेला ठाऊक नसे. ते सराफ सांगे. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे एक तोळ्याचा, एकसारखा रुपया पाडण्यास आरंभ केला, आणि कालांतराने बट्ट्याचा व्यवहार लोपला. आज तेच बट्ट्याचे रुपये त्यांच्या चांदीच्या कित्येक पटींनी विकले जातात, पण निवाडा पुन्हा मेजामागच्या माणसाच्याच हाती आहे.

दिवाळीच्या तोंडावर तर याची प्रचीती पदोपदी येते. लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप किंवा राजाछाप रुपया हवा म्हणून येणाऱ्या कुटुंबवत्सल ग्राहकास नाण्याच्या इतिहासाशी कर्तव्य नसते. त्याला चांदी हवी असते. व्हिक्टोरियाच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, आणि हजार भागांत ९१७ भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास. सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५ या सालांचा रुपया वजनाने तेवढाच, आकाराने तेवढाच, पण त्यात चांदी निम्मीच; महायुद्धाच्या काळात धातूची ओढ लागली तेव्हा उरलेला भाग तांबे, निकेल आणि जस्त यांनी भरून काढलेला. कडेच्या दातऱ्यांमधून गेलेली चर दिसली की जाणत्यास उलगडा होतो. अजाणत्यास मात्र दोन्ही रुपये एकाच भावाने घेताना मी पाहिले आहे, आणि विकणाऱ्याने मौन धरलेलेही पाहिले आहे. साल चौकटीवर लिहिले होते, ही सबब त्या मौनास पुरेशी नाही.

चांदीच्या पलीकडे गेले की भाव ज्ञानाचा होतो. शिवराई हे त्याचे उत्तम उदाहरण. राज्याभिषेकापासून पाडले जाऊ लागलेले हे तांब्याचे नाणे इतक्या विपुलतेने निघाले की पुण्याच्या जुन्या बाजारात एके काळी त्याचे ढीग वजनावर विकले जात. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांनी सुमारे २५,००० शिवराया गोळा करून त्यांवरील अक्षरे ताडून पाहिली, तेव्हा ‘शिव’ आणि ‘छत्रपति’ या शब्दांच्या लेखनात किती भेद आहेत हे उघड झाले. आणि आज संग्राहक नेमक्या त्याच भेदांसाठी अधिक दाम मोजतो. ढिगाऱ्यातून तशी एक निवडण्यास व्यापाऱ्याचे चार रविवार खर्ची पडले असतील, तर त्या रविवारांचे मोल त्याने घ्यावे, यात मला काडीचाही अन्याय दिसत नाही. मेजाचे भाडे, प्रवास आणि वर्षानुवर्षे अडकून पडलेले भांडवल हेही त्या आकड्यात असतेच. चिंच आणि राख लावून लख्ख घासलेली शिवराई मात्र कोणत्याही भावाने घेऊ नये. शतकांनी चढविलेली कळा एकदा गेली की ती परत येत नाही.

मी स्वतः एकदा फसलो. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकलाही पुष्कळ. तरीही वजन बरोबर, चांदी बरोबर, नाद बरोबर, हे पाहून मी घासाघीस न करता दाम मोजले. घरी मोठ्या भिंगाखाली धरले तेव्हा अखेरच्या नवाभोवतीचा धातू खरवडलेला दिसला: १९३८ च्या आठाचा नऊ केलेला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच मेजापाशी गेलो. पावती नव्हती, आणि पावतीवाचून ओळख नव्हती. अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या संस्थांनी नाणी पारखून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत देण्याचा परिपाठ पाडला, तो अशाच अनुभवांपोटी. आता त्या डब्याही आपल्या मेजांवर दिसतात, पण त्यांच्याही नकला होतात.

तेव्हापासून मी किमतीवर हुज्जत घालीत नाही. एवढेच विचारतो की, हेच नाणे पुढील वर्षी आपण माझ्याकडून केवढ्यास परत घ्याल? जो आकडा सांगतो आणि पावतीवर खरेपणाची लेखी हमी देतो, त्याचा भाव चढा असला तरी मी देतो. जो हसून विषय पालटतो, त्याच्या मेजावरून उठतो. परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांनाही मी खरेदीपूर्वीच बजावतो की, शंभर वर्षांपलीकडचे नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही.

गतवर्षी अखेरच्या दिवशी, दुपारी गर्दी ओसरल्यावर, एक वृद्ध बाई रुमालात बांधलेले देव्हाऱ्यातील रुपये घेऊन एका मेजाशी आल्या. व्यापाऱ्याने ते एकेक करून कडेवर फिरवून पाहिले, निम्म्या चांदीचे एकीकडे काढले, उरलेले काट्यावर ठेवले. आणि एक तेवढा १९११ चा, ज्यावरील राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांस डुकरासारखा भासला म्हणून सरकारने मागे घेतला होता तो, रुमालात परत ठेवला. “काकू, हा काट्यावर ठेवायचा नाही,” तो म्हणाला, आणि त्याचा वेगळा भाव त्याने कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकविला.