फुटलेली फरशी आणि राखून ठेवलेली पेटी

माण तालुक्यातील जुन्या घरांची जमीन शेणाने सारवलेली असे. पुढे म्हसवड, दहिवडीसारख्या पेठांतील वाड्यांत आणि दुकानांत शहाबादी फरशी आली. कर्नाटकातील शहाबाद परिसरातला हा चुनखडीचा दगड जाड आणि अंगाने सोशिक. त्यातील एखादी फरशी फुटली, तर गवंडी त्याच मापाची दुसरी घडवून बसवी आणि पायांच्या वावराने ती हळूहळू जुन्यांत मिसळून जाई. आता घरोघरी सिरॅमिक टाइल्स आल्या आहेत. त्यांतील बहुतेक गुजरातेत मच्छू नदीकाठी वसलेल्या मोरबीहून येतात. त्या दिसायला देखण्या आणि पुसायला सोप्या आहेत. पण नक्षी व रंग वारंवार बदलतात. आज घेतलेली नक्षी दहा वर्षांनी बाजारात मिळेलच, याची हमी विक्रेताही देत नाही. म्हणून एक टाइल फुटणे ही वरवर किरकोळ भासणारी बाब पुष्कळदा अख्ख्या खोलीच्या खर्चावर जाते.

पुढे दुकान आणि मागे घर अशी आपल्याकडील अनेकांची रचना असते. तेलाचा १५ किलोचा डबा कोपऱ्यावर आदळतो, बत्ता हातातून निसटतो, दिवाळीच्या सफाईत लोखंडी कपाट ओढले जाते, आणि टाइलवर रेघ उमटते. टाइल म्हणजे भाजलेल्या मातीचे अंग आणि त्यावर काचेसारखी झिलई. झिलई तडकली की आतील माती पाणी शोषते, फटीत मळ साचतो आणि कडा उचलली जाते. माझ्या माहितीतील एका घरात अशा टाइलवर वर्षभर पायपुसणे अंथरलेले होते. देवदर्शनाला निघालेल्या आजींचा पाय त्या पायपुसण्याखालच्या कडेला अडखळला आणि मनगटाचे हाड मोडले. शिवाय फटीत मुंग्यांनी एकदा घर केले, की दुरुस्तीच्या वेळी जीवहिंसा टाळणे कठीण होते. म्हणून फट झाकू नये, वेळीच बुजवावी.

दुरुस्तीपूर्वी कारण जाणून घ्यावे. फुटलेल्या टाइलवर आणि शेजारच्या टाइल्सवर लाकडी दांड्याने हलके ठोकून पाहावे. भरीव आवाज आला तर पाया ठीक आहे. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. तडा एकाच टाइलपुरता असेल, तर तो बहुधा आघाताचा. तोच तडा सरळ रेषेत तीन-चार टाइल्समधून जात असेल, तर खालची जमीन खचली किंवा हलली आहे. तेथे नुसती टाइल बदलून उपयोग नाही. आपल्याकडे उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याची थंडी यांत मोठे अंतर असते. सांधे न सोडता टाइल्स एकमेकींना खेटून बसवल्या असतील, तर प्रसरणाला जागा न मिळाल्याने त्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात. हा दोष टाइलचा नसून बसवण्याचा असतो.

एकच टाइल बदलायची असेल, तर कामाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम चारही बाजूंच्या सांध्यांतील भरण खरवडून काढावे, म्हणजे हातोडीचा हादरा शेजारी पोहोचत नाही. डोळ्यांना चष्मा लावावा. झिलईच्या कपच्या काचेसारख्याच उडतात. नंतर मध्यभागी छिन्नी धरून टाइल फोडावी आणि तुकडे मध्याकडून कडेकडे काढत न्यावेत. शेजारच्या टाइलवर टेकवून पहार लावली, की एकाच्या दोन होतात. जुना माल अशा बेताने तासावा, की टाइलची जाडी आणि नव्या थराचे काही मिलिमीटर मिळून पृष्ठभाग शेजाऱ्यांशी समपातळीत यावा. धूळ झाडून घ्यावी. टाइल चिकटवण्याचा तयार मसाला खाचेदार थापीने सर्वत्र पसरावा; चार कोपऱ्यांवर चार गोळे ठेवण्याची रीत टाळावी, कारण मधली पोकळीच पुढचा तडा घडवते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे तिला नुसते सिमेंट नीट पकडत नाही. तिच्यासाठी मसालाच योग्य. टाइल दाबून बसवल्यावर सरळ पट्टी आडवी-उभी फिरवून पातळी पाहावी. २४ तास त्यावर कोणी पाय ठेवू नये. त्यानंतर सांधे भरावेत. पुढे सफाईसाठी ॲसिड वापरू नये. ते सांध्यांतील सिमेंट खाऊन टाकते.

आता प्रश्न उरतो जुळणाऱ्या टाइलचा. बँकेत गृहकर्जाच्या प्रकरणांत मी बांधकामाची अनेक अंदाजपत्रके पाहिली. त्यांत दाराच्या कड्याचाही हिशेब असे, पण राखून ठेवायच्या टाइल्सची ओळ क्वचितच दिसे. हिशेब तर साधा आहे. १० बाय १२ फुटांच्या खोलीला २ बाय २ फुटांच्या ३० टाइल्स लागतात. अशा मापाच्या पेटीत साधारणतः ४ टाइल्स येतात. कापातील नासाडी वजा जाता एक पेटी शिल्लक ठेवली, तर ती खोलीच्या टाइल्सच्या किमतीच्या सातवा-आठवा हिस्सा होते. ती नसेल तर एका तड्यापायी तीसही टाइल्स उखडणे, मलबा वाहणे, नवा माल आणि मजुरी हे सारे सोसावे लागते. नफ्यातून राखीव निधी बाजूला काढणाऱ्या व्यापाऱ्याला ही तरतूद अवघड वाटू नये.

पेटीवर शेड आणि बॅच यांचे क्रमांक छापलेले असतात. एकाच नक्षीच्या दोन बॅचमध्येही रंगाची छटा वेगळी येऊ शकते. म्हणून राखीव पेटी त्याच खरेदीतील असावी. तिच्यावर खोलीचे नाव व खरेदीचे वर्ष लिहावे, बिलाची प्रत आत ठेवावी आणि पेटी माळ्यावर सपाट न रचता टाइल्स उभ्या राहतील अशी कोरड्या जागी ठेवावी.

ज्यांच्याकडे अशी पेटी नाही, त्यांनी कपाटाखालची किंवा पलंगाखालची चांगली टाइल अलगद निघते का ते गवंड्याला विचारावे आणि त्या झाकल्या जागी साधी टाइल बसवावी. तेही न जमल्यास उंबऱ्याजवळ वेगळ्या रंगाच्या टाइल्सची एक पूर्ण पट्टी घ्यावी. ती ठिगळ न वाटता मुद्दाम केलेली रचना वाटते. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथोत्सवासाठी पाहुणे येण्याआधी गवंड्यांना उसंत नसते, तेव्हा हे काम त्यापूर्वीच महिनाभर सांगून ठेवावे. आणि ज्यांचे घर सध्या बांधून होत आहे, त्यांनी आजच टाइलवाल्याला फोन करून एक पेटी वाढवून घ्यावी.