जीपचा हँडब्रेक : केबल ताणण्याआधी गाडीखाली बघा

जुन्या जीपमध्ये स्टेपनी, जॅक आणि पान्यांच्या जोडीला आणखी एक वस्तू कायम मुक्कामाला असते : दगड. उतारावर गाडी थांबली की कुणीतरी खाली उडी मारायची आणि मागच्या चाकाखाली तो सरकवायचा. 'जीपला हँडब्रेक नसतोच, नुसता दांडा असतो,' हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की दांडा दुरुस्त होऊ शकतो हेच आपण विसरतो.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी, तिच्या मागोमाग आलेल्या नागरी सीजे जीपा आणि महिंद्राने आपल्याकडे कित्येक वर्षं बनवलेली सीजे-३बी या एकाच घराण्यातल्या. त्यांचा हँडब्रेक आजच्या मोटारीपेक्षा वेगळा आहे. दुखणं बहुधा गाडीखाली असतं आणि इलाज मात्र दांड्यावर चालतात. म्हणून आधी काही समजुती तपासून घेऊ.

गैरसमज : हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो.

वस्तुस्थिती : या जीपांमध्ये तो चाकांपर्यंत जातच नाही. पुढच्या-मागच्या चाकांना इंजिनाची ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, जिथून मागचा प्रोपेलर शाफ्ट निघतो, तिथे एक स्वतंत्र ड्रम असतो. हँडब्रेक ओढला की हा ड्रम आणि त्याबरोबर शाफ्ट अडतो, आणि शाफ्ट अडला की मागची चाकं अडतात. युद्धकाळातल्या जीपमध्ये ड्रमला बाहेरून आवळणारा पट्टा होता. पुढच्या काळात ड्रमच्या आत फाकणारे दोन शू आले. त्यामुळे मागच्या चाकांचे लायनर बदलून हँडब्रेक सुधारायची वाट बघणं म्हणजे गुडघा दुखतोय म्हणून दात काढण्यासारखं आहे.

गैरसमज : पायाचा ब्रेक ऑइल भरून, हवा काढून नीट केला की हँडब्रेकही लागतो.

वस्तुस्थिती : दोघांचा काही संबंध नाही. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, तर हँडब्रेक केवळ केबल आणि दांड्यांवर. एक निकामी झाला तरी दुसरा उरावा, हाच त्यामागचा विचार आहे.

गैरसमज : एवढासा ड्रम अख्खी जीप काय धरणार? ही रचनाच कमजोर.

वस्तुस्थिती : ड्रम लहान असला तरी त्याची जागा मोक्याची आहे. सीजे-३बीच्या मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८ : १ आहे, म्हणजे शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. उलट बाजूने पाहिलं, तर शाफ्टवर लावलेला जोर चाकांपाशी पोचेपर्यंत तितक्याच पटीने वाढतो. शिवाय ड्रम चाकांच्या चिखलपाण्यापासून वर राहतो आणि वरखाली हलणाऱ्या ॲक्सलपर्यंत केबल न्यावी लागत नाही. इंग्लंडच्या लँड रोव्हरने १९४८ सालापासून हीच पद्धत वापरली आणि तिची जुनी डिफेंडर २०१६ साली बंद होईपर्यंत सोडली नाही. कमजोर रचना इतकी टिकली नसती.

गैरसमज : ओढल्यावरही गाडी थोडी सरकते, म्हणजे ब्रेक गेला.

वस्तुस्थिती : थोडं सरकणं या रचनेत गृहीतच आहे. ड्रम आणि चाक यांच्यामध्ये शाफ्टचे क्रॉस, खाचांचे जोड आणि डिफरन्शियलचे दाते असतात. या सगळ्यांचा मिळून प्ले संपला की मगच गाडी थांबते. समजा, हा प्ले शाफ्टवर ३० अंशांचा आहे. ५.३८ ने भागलं तर चाक साडेपाच अंशांच्या आसपास फिरेल आणि जीप तीन-साडेतीन सेंटीमीटर सरकून 'टक्' आवाजासह थांबेल. थांबली आणि थांबून राहिली, तर ब्रेक ठीक आहे. सरकणं हातभर असेल तर क्रॉस आणि डिफरन्शियल बघा. आणि हळूहळू सरकतच राहिली, तर मात्र ड्रमच्या आत काय चाललंय ते पाहायला हवं.

गैरसमज : केबल ताणून घेतली की काम झालं.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान या एका समजुतीने केलेलं आहे. शू झिजले की ड्रमपासूनचं अंतर वाढतं. ते तसंच ठेवून केबल ताणली, तर चार दिवस बरं वाटतं. नंतर दांड्याची सगळी ओढ शूला ड्रमपर्यंत नेण्यातच संपते, दाबायला काही उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे केबल जास्त ताणली गेली, तर चालत्या गाडीत शू घासत राहतात. ड्रम तापतो, त्या उष्णतेने शेजारचं ऑइल सील कडक होतं आणि तेल थेट शूवर उतरतं. ब्रेक लागावा म्हणून केलेल्या इलाजानेच ब्रेक जातो.

योग्य क्रम नेमका उलटा, म्हणजे ड्रमकडून हाताकडे. आधी चाकांना ठोकळे लावा आणि दांडा पूर्ण सोडा. केबल आतल्या आत गंजली नाही ना, दांड्यांच्या पिना मोकळ्या आहेत ना, हे पाहून तेल-ग्रीस द्या. पुष्कळदा केबल ताणून लांबलेली नसते, नुसती अडकलेली असते. मग शूचं ॲडजस्टमेंट. आतले शू असलेल्या जीपमध्ये ड्रमच्या भोकांतून दातेरी चकत्या दिसतात. त्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवून शू ड्रमला टेकवायचे आणि मग ठरावीक खाचा मागे घ्यायचे. विलीजच्या सेवापुस्तिकेत हा आकडा सात आहे. आपल्या मॉडेलची पुस्तिका मिळाली तर तिचंच ऐका. केबलचा उरलासुरला ढिलेपणा सर्वांत शेवटी काढायचा.

गैरसमज : तेलकट लायनर पेट्रोलने धुतले, वर कानस मारली, की पुन्हा चालतात.

वस्तुस्थिती : लायनर तेल पिऊन बसतं. वरून कोरडं दिसलं तरी ड्रम तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. अशा लायनरला निवृत्त करणंच बरं. पण नवे बसवण्याआधी तेल आलं कुठून, हे शोधायला हवं. संशयित तसे थोडेच आहेत. सील कडक झालेलं असतं. सीलची कड जिथे घासते तिथे योकला, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो त्या तुकड्याला, खाच पडलेली असते, आणि मग नवं सीलही गळतं. योकच्या खाचांमधून तेल झिरपतं. कधी ट्रान्सफर केसचा ब्रीदर चिखलाने बुजतो आणि आतला दाब सीलमधून वाट काढतो. कारण तसंच ठेवून लायनर बदलणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणं.

यात एक धोकाही आहे. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस सर्रास वापरलं जाई आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायची गॅरेजांमधली सवय इथे सोडा. धूळ ओली करून ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

गैरसमज : चालत्या गाडीत हँडब्रेक ओढून वेग कमी करता येतो.

वस्तुस्थिती : हा ब्रेक उभी गाडी धरण्यासाठी आहे. चालत्या जीपमध्ये शाफ्ट चाकाच्या पाचपटीहून जास्त वेगाने फिरत असतो. तो एकदम अडवला, तर सगळा हिसका क्रॉस, पिनियन आणि ॲक्सलच्या शाफ्टवर येतो. पायाचा ब्रेक अचानक गेलाच, तर गिअर उतरवत, हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढत गाडी थांबवावी. रोजच्या उताराचा हा उपाय नव्हे.

गैरसमज : पहिल्या गिअरमध्ये उभी केली की हँडब्रेक हवा कशाला?

वस्तुस्थिती : जीपमध्ये आणखी एक दांडा असतो, ट्रान्सफर केसचा. तो न्यूट्रलमध्ये राहिला, तर पहिला गिअर टाकूनही इंजिनाचा चाकांशी संबंध उरत नाही आणि गाडी घरंगळू शकते. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या पुढच्या टप्प्यावर असल्याने तो तेव्हाही काम करतो. शिवाय १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेताना तपासणी होते. तिथे दगड दाखवून भागत नाही.

गैरसमज : हँडब्रेक नीट झाला, आता दगडाची गरज नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज जिवावर बेततो, कारण ब्रेक खरोखर चांगला झालेला असतो. पंक्चर काढताना मागचं एक चाक जॅकवर उचललं की शाफ्ट घट्ट धरलेला असूनही डिफरन्शियल आपलं काम करतं. उचललेलं चाक हवेत उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि जीप जॅकवरून सुटते. एक चाक निसरड्या चिखलात असलं तरी असंच होऊ शकतं. फोर व्हील टाकली, तर पुढची चाकंही ट्रान्सफर केसशी जोडली जाऊन मदत करतात, तरी ठोकळा लागतोच. हँडब्रेकचं काम करतानाही हीच गोष्ट : ड्रम काढायला मागचा शाफ्ट सोडवावा लागतो, आणि शाफ्ट सुटला की हँडब्रेकचा मागच्या चाकांवर काहीही ताबा राहत नाही.

तेव्हा हँडब्रेक दुरुस्त करून घ्या, पण तो मुक्कामाचा दगड फेकू नका. चहाला थांबल्यावर त्याला गाडीतच बसू द्या. जॅक काढाल, तेव्हा मात्र आधी त्याला खाली उतरवा.