काळ्या प्लॅस्टिकवरचे पांढरे डाग

बंपर, चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या: गाडीचे हे काळे प्लॅस्टिक बहुधा रंग न दिलेले, खडबडीत पॉलिप्रॉपिलीन असते. वॅक्स त्याच्या बारीक खाचांत अडकते आणि वाळून पांढरे दिसते.

● गाडी सावलीत लावा. प्लॅस्टिक गार होऊ द्या.
● कोमट साबणपाणी आणि मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासा.
● डाग उरलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढेच पाणी मिसळून मायक्रोफायबर कापडाने पुसा. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा.
● पेट्रोल किंवा थिनर वापरू नका.
● शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करा.
● पुढच्या वेळी वॅक्स लावण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या कडांवर मास्किंग टेप चिकटवा. डाग पडणारच नाहीत.