परतणारी लाट

औंढा नागनाथ हें गांव नागनाथाच्या मंदिरामुळें आपणांस परिचित आहेच. त्याच परिसरांत लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ सालीं तीस मंजुरी दिली. तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत आरशांच्या योगें प्रकाश मुद्दाम शेंकडों वेळां परतविला जाईल. परंतु ज्या संगणकांत मोजमापें सांठवावयाचीं, त्यांच्या मेमरीच्या फलकावर लाटेचें असें परतणें घातक ठरतें. तें कां, हें पाहूं.

फलकावरील तांब्याच्या रेषेंतून विजेची लाट एका नॅनोसेकंदांत सुमारें १५ सेंटिमीटर जाते. वाटेंत तिला रेषेचा ठराविक रोध भेटतो. ५० ओहमच्या रेषेच्या टोंकाशीं ७५ ओहमचा रोध असला, तर लाटेचा पांचवा हिस्सा मागें फिरतो; टोंक मोकळें राहिलें, तर सगळीच लाट परतते. सेकंदास ३२० कोटी अंक वाहणाऱ्या रेषेवर एक अंक संपतो न संपतो, तों लाट जेमतेम ५ सेंटिमीटर गेलेली असते. मग मागल्या अंकाचा पडसाद पुढल्यावर आदळतो आणि शून्याच्या जागीं एक वाचला जाण्याचा संभव उत्पन्न होतो.

उपाय असा कीं, टोंकाशीं रेषेइतकाच रोध बसवावा. लाट त्यांत जिरून तिची उष्णता होते. डीडीआर-२ पासून माहितीच्या रेषांसाठीं हा रोध मेमरीच्या चिपांतच घालतात. थोडी वीज खर्चीं पडते खरी. पण सांठविलेला अंक जसाच्या तसा परत मिळतो. रेषेची रुंदी आणि खालच्या ताम्रपत्र्यापासूनचें तिचें अंतर मात्र फलक आंखतांनाच ठरवावें लागतें. रेषेचा रोध त्यांवरही अवलंबून असतो.