नावात ग्रामीण

डोंबिवली पूर्वेला उतरून मानपाडा रस्त्यानं रिक्षा धरली की थोड्याच वेळात सागाव येतं. वाटेत शहर संपल्याची कुठलीही खूण नाही. दुकानं, बँका, पोळीभाजी केंद्रं, क्लासच्या पाट्या, सगळं सलग. इथली माणसं पत्ता लिहितात तो ‘डोंबिवली (पूर्व)’ असाच. पण त्यांचं मतदार ओळखपत्र उलटं करून पाहावं. मागे छापलेलं असतं, ‘१४४ - कल्याण ग्रामीण’. डोंबिवलीचा मतदारसंघ त्याच्या अलीकडचा, १४३ क्रमांकाचा. डोंबिवलीत भाजी घेणाऱ्या, डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्या हजारो माणसांचं मत डोंबिवलीत नाही.

कल्याण ग्रामीण हा मतदारसंघ जन्मला २००८ च्या फेररचनेत. त्याआधीच्या सीमा १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या होत्या आणि आणीबाणीत, १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीनं त्या गोठवल्या. पुढच्या तीस वर्षांत मुंबईतल्या चाळीतली खोली विकून माणसं ठाण्याच्या पुढे सरकत राहिली. गिरण्या बंद पडल्या, मुलांची लग्नं झाली, खोली अपुरी पडली. माणसं आली, पण त्यांच्या मतांचं वजन मागेच राहिलं. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१ ची लोकसंख्या धरून नव्या रेषा मारल्या, तेव्हा या स्थलांतराचा हिशेब पहिल्यांदा कागदावर आला. राज्यातल्या जागा २८८ च राहिल्या. मुंबई शहराच्या १७ जागांवरून १० झाल्या आणि ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४. (त्यातल्या ६ पुढे २०१४ साली पालघर जिल्ह्यात गेल्या.) त्या २४ पैकी ही एक.

आयोगाच्या आदेशात मतदारसंघाचं वर्णन तालुका, महसूल मंडळ, तलाठी सजा आणि महापालिकेचे प्रभाग अशा भाषेत असतं. सजांमुळे ‘ग्रामीण’ हे नाव तेव्हा तरी खोटं नव्हतं. शहरांचे तुकडे वाटून झाल्यावर मध्ये उरलेली गावं इथे एकत्र आली होती. पण नाव एका जागी थांबलं आणि जमीन पुढे गेली. आज निळज्याच्या तळ्यापासून नजर वर केली तर पलावा या नव्या वसाहतीचे मनोरे दिसतात. कल्याण-शीळ रस्त्यावर खिडकाळीचं जुनं शिवमंदिर आणि त्याचं तळं अजून जागेवर आहे, मात्र रस्ता ओलांडायला माणसाला ताटकळत उभं राहावं लागतं.

मुळात ही खाडीकाठची भूमी. पश्चिमेला पारसिकचा डोंगर, पूर्वेला मलंगगडाची रांग, मध्ये देसाईची खाडी आणि तिला मिळणारे ओहोळ. भरतीचं पाणी अडवायला बांध, ते सोडायला उघाड्या, आत खारं भात, बाहेर खाजण. ‘आगरी’ हा शब्द मिठाच्या आगरातून आला असं मानतात, आणि या गावांत तो शब्द नुसता जातीचा नाही, कष्टाचाही आहे. साठच्या दशकात डोंबिवलीची एमआयडीसी आली ती याच गावांच्या शेतांवर. सोनारपाडा आणि मानपाडा परिसराला कारखाने लागून आहेत. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तिथे झालेल्या स्फोटांनी दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या, माणसं मेली. ज्यांची शेतं गेली, त्यांच्याच नातवंडांच्या उशाशी आज ती रसायनं आहेत, आणि मला ही गोष्ट सवयीची होत नाही.

या मतदारसंघाची खरी अडचण तो ग्रामीण की शहरी ही नाही. त्याचे तीन तुकडे तीन महापालिकांत आहेत, ही आहे. २७ गावं कल्याण-डोंबिवलीत, दिवा ठाण्यात आणि शीळच्या पलीकडची १४ गावं नवी मुंबईत.

२७ गावांची कहाणी सगळ्यात लांबलेली. १ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, त्यात ही गावं घातली. पालिकेची पहिली निवडणूक झाली १९९५ साली. बारा वर्षं प्रशासकाचा कारभार, म्हणजे घरपट्टी मागायला माणूस येतो पण गाऱ्हाणं सांगायला नगरसेवकच नाही. ग्रामपंचायत होती तेव्हा सरपंच निदान पारावर सापडायचा. हा राग साचत गेला आणि २००२ मध्ये गावं बाहेर काढली गेली. त्याचा एक विचित्र परिणाम जनगणनेत दिसतो. २००१ ला महापालिकेची लोकसंख्या ११ लाख ९३ हजार, २०११ ला साडेबारा लाखांच्या आत. आकडे पाहून वाटेल, शहर थबकलं. प्रत्यक्षात इमारती सगळ्यात वेगानं उठत होत्या त्या नेमक्या वगळलेल्या गावांत. एवढ्या बांधकामावर लक्ष ठेवण्याचा आवाका ग्रामपंचायतींकडे नव्हता. रस्ते आणि गटारं आजही त्याची किंमत मोजतात.

१ जून २०१५ ला गावं पुन्हा आत आली. गावकऱ्यांच्या संघर्ष समितीची मागणी स्वतंत्र नगरपालिकेची होती आणि आहे. २०२० मध्ये सरकारनं १८ गावं वेगळी काढून ९ पालिकेत ठेवायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. आत, बाहेर, आत, बरीचशी बाहेर, पुन्हा आत. या काळात जन्मलेल्या मुलाच्या घरपट्टीच्या पावतीवरची कचेरी बदलत गेली, नळाला येणारं पाणी मात्र तेवढंच राहिलं.

१४ गावांचंही तसंच. दहिसर (हे मुंबईचं दहिसर नव्हे), मोकाशी, पिंपरी, वाकळण, बाळे, नागाव, भंडार्ली, उत्तरशिव, गोठेघर आणि बाकीची गावं आधी नवी मुंबईत होती, आंदोलनानंतर २००७ मध्ये सुटली आणि दीड दशकानं पुन्हा तिथेच घातली गेली. मधल्या काळात ठाण्याचं दिव्यातलं डंपिंग बंद झालं, तर कचऱ्याच्या गाड्या वळल्या भंडार्लीकडे. दिवा आणि भंडार्ली, दोन्ही याच मतदारसंघात. एका मतदाराच्या दारातला कचरा दुसऱ्याच्या दारात गेला.

दिवा ही तर वेगळीच जखम. जंक्शन मोठं, वसई आणि पनवेलकडचे मार्ग इथून फुटतात, कोकणच्या गाड्या इथून जातात. भोवती चाळींवर चाळी. २ जानेवारी २०१५ च्या सकाळी लोकलच्या खोळंब्यावरून इथे लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली. जलद लोकल दिव्याला थांबू लागली ती २०१६ च्या डिसेंबरात. दाराच्या दांडीला एक हात आणि पाठीला दुसऱ्याची पिशवी, असा प्रवास रोज करणाऱ्याला त्या दगडांमागचा संताप समजावून सांगावा लागत नाही.

तीन महापालिका, तीन आयुक्त, तीन अर्थसंकल्प. खासदार सोडला तर या सगळ्यांत सामायिक माणूस एकच, आमदार. म्हणूनच इथे नळाचं, गटाराचं, कचऱ्याचं गाऱ्हाणं, जे खरं तर नगरसेवकाचं काम, थेट आमदाराच्या दारात जातं. आणि लोकही खुर्ची बदलत राहतात. २००९ ला मनसेचे रमेश पाटील, २०१४ ला शिवसेनेचे सुभाष भोईर, २०१९ ला रमेश यांचे बंधू, मनसेचे प्रमोद उर्फ राजू पाटील, २०२४ ला शिवसेनेचे राजेश मोरे. चार निवडणुका, चार आमदार. २०१९ ला मनसेचा राज्यातला एकमेव आमदार याच मतदारसंघानं दिला आणि पुढच्या वेळी त्यालाही घरी बसवलं. मला यात चंचलपणा दिसत नाही. पालिकेचं दार सापडत नसेल तर माणूस उघडं दिसेल तेच दार ठोठावतो.

सीमा गोठवण्याची मुदत २०२६ पर्यंतची. नव्या जनगणनेनंतर पुन्हा रेषा मारल्या जातील आणि हा मतदारसंघ आहे तसा राहणं अवघड आहे. दिवा, सागाव आणि वाकळण एका आमदाराकडे ठेवायचे, तर निदान रस्ता-पाण्यासाठी तिन्ही महापालिकांना एकाच टेबलाशी बसवणारी व्यवस्था आधी हवी, असं माझं ठाम मत आहे.

दरम्यान, कल्याणहून तळोज्याला जाणाऱ्या मेट्रो १२ ची आखणी याच पट्ट्यातून झाली आहे. तिच्या स्थानकांची नावं वाचताना मी दर वेळी थांबतो. पिसवली, गोळवली, सागाव, सोनारपाडा, मानपाडा, हेदुटणे, कोळेगाव, निळजे, बाळे, वाकळण. मनोऱ्यांच्या नावांत कुठेही न राहिलेली ही गावं त्या नकाशावर ओळीनं उभी आहेत.