आडोशाची शर्यत

आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की शहरातून वाळूजच्या बजाजनगरला येणं मोटारसायकलवाल्याला जड जातं. वारा थेट छातीवर येतो. शंभर सीसीची गाडी, मूठ पूर्ण पिळलेली, तरी काटा पंचावन्नच्या पुढे हलत नाही. अशा वेळी नगर रोडवर एखादा कंटेनर पुढे आला आणि आपण त्याच्या मागे शिरलो, की एकदम सगळं शांत होतं. कानातला घोंघाट थांबतो, शर्टाची फडफड थांबते, मूठ तेवढीच असताना काटा साठीकडे चढतो. फर्स्ट शिफ्टला उशीर झाला होता त्या एका सकाळी मीही असाच कंटेनरच्या पाठीला चिकटून आलो. वाळूजजवळच्या पंढरपूरच्या अलीकडे ओव्हरटेक करायला उजवीकडे निघालो, तर वाऱ्याची अशी थप्पड बसली की गाडी जागीच जड झाली. पुन्हा त्याच कंटेनरमागे जावं लागलं.

अमेरिकेतली सगळ्यात मोठी मोटार शर्यत सध्या याच थपडेपाशी अडली आहे.

या शर्यतीला स्टॉक कार रेसिंग म्हणतात. दुकानात मिळते तशी दिसणारी, पण आतून शर्यतीसाठीच बांधलेली गाडी. १९४८ साली बिल फ्रान्स यांनी त्यासाठी नॅसकार ही संस्था काढली आणि १९५९ मध्ये फ्लोरिडात डेटोनाचा ट्रॅक उघडला: सुमारे चार किलोमीटरची फेरी आणि वळणावर ३१ अंशांचा उतार. १९६९ मध्ये अलाबामात टॅलाडेगा आला. तो त्याहून लांब, आणि त्याचा उतार ३३ अंशांचा. एवढ्या तिरक्या रस्त्यावर वळणातही पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा लागत नाही. वाळूजकरांना या खेळाचं एक नातं सांगतो. नॅसकारच्या मुख्य मालिकांतल्या सगळ्या गाड्या गुडइयरच्या टायरवर धावतात आणि गुडइयरचा एक कारखाना आपल्या एमआयडीसीत आहे. शर्यतीचे टायर अमेरिकेत ॲक्रनला बनतात, इथे नाही. पण नाव तेच, जे आपण रोज गेटवर वाचतो.

आडोशाची किमया या खेळाला फार लवकर कळली. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून ताशी तीनशे किलोमीटरला इंजिनाची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्या गाडीने कापलेल्या हवेत मागची शिरली की तिचा भार हलका होतो. आणि मागची गाडी जवळ आली की पुढच्या गाडीच्या पाठीशी तयार होणारी पोकळीही भरते, त्यामुळे पुढचीचाही वेग वाढतो. म्हणून दोघी मिळून एकटीपेक्षा जोरात पळतात. १९६० च्या डेटोना ५०० मध्ये ज्युनिअर जॉन्सन यांची शेवरले पाँटियाक गाड्यांपुढे कमी पडत होती. सरावात त्यांच्या लक्षात आलं की पाँटियाकच्या मागे चिकटलं तर आपली गाडी मागे पडत नाही. ती शर्यत त्यांनी जिंकली. या युक्तीला ड्राफ्टिंग म्हणतात. मला मराठीत आडोसा हाच शब्द नेमका वाटतो, कारण आडोशाला उभं राहण्यातलं सुख आणि तिथून बाहेर पडायची धास्ती दोन्ही त्यात आहेत.

पुढची वीस-पंचवीस वर्षं वेग वाढतच गेला. १९८७ च्या वसंतात बिल एलियट यांनी टॅलाडेगाला पात्रता फेरी ताशी २१२.८०९ मैलांनी मारली, म्हणजे जवळपास ३४२ किलोमीटर. त्याच आठवड्यातल्या शर्यतीत बॉबी ॲलिसन यांचा टायर फुटला, गाडी हवेत उडाली आणि तिने प्रेक्षकांपुढची तारेची जाळी फाडली. प्रेक्षक जखमी झाले. गाडी जाळीपलीकडे गेली असती तर काय झालं असतं, हे तिथे सगळ्यांना दिसलं. १९८८ पासून या दोन ट्रॅकवर कार्ब्युरेटरखाली चार भोकांची पातळ चकती बसवायची सक्ती झाली. हवा कमी, म्हणून ताकद कमी, म्हणून वेग कमी. २०१९ मध्ये चकती गेली आणि तिच्या जागी निमुळत्या छिद्रांचा तुकडा आला, पण तत्त्व तेच राहिलं.

तो निर्णय बरोबर होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्याने खेळाचं रूप बदललं. सगळ्यांची ताकद सारखी आणि पाय सतत तळाला, त्यामुळे कोणीच कोणापासून सुटत नाही. तीस-चाळीस गाड्या बंपरला बंपर लावून एका घोळक्यात धावतात. मधल्या एकाचा हात किंचित चुकला की पंधरा-वीस गाड्यांचा चुराडा होतो. तिकडे त्याला ‘बिग वन’ म्हणतात. २००१ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळून गेले. त्यानंतर मान धरून ठेवणारं हान्स उपकरण सक्तीचं झालं आणि भिंतींना धक्का पचवणारी आवरणं बसली. २०२० मध्ये त्याच ट्रॅकवर रायन न्यूमन यांची गाडी उलटली, दुसरी तिच्यावर आदळली, आणि दोन दिवसांनी ते दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आले. सुरक्षेत नॅसकारने जे केलं ते कोणत्याही कारखान्याच्या सेफ्टी विभागाने अभ्यासावं असं आहे.

शर्यत म्हणून मात्र काम अर्धवट राहिलं आहे. २०११ मध्ये दोन-दोन गाड्यांच्या जोड्या पडू लागल्या. मागची पुढचीला ढकलत फेऱ्याच्या फेऱ्या काढी. नॅसकारने इंजिनाच्या थंडाव्याचे नियम बदलले. मागच्या गाडीला हवा मिळेना, इंजिन तापू लागलं आणि जोड्या सुटल्या. नेमक्या जागी केलेली छोटी दुरुस्ती किती काम करते, ते तिथे दिसलं. २०२२ मध्ये नवी ‘नेक्स्ट जेन’ गाडी आली. ती मजबूत आहे, पण तिला हवा फार अडवते, आणि या ट्रॅकवर तिची ताकद ५१० अश्वशक्तीवर बांधलेली आहे. त्यामुळे रांगेतून बाहेर पडणाऱ्याला माझ्या मोटारसायकलला बसली तीच थप्पड बसते. एकटा बाहेर निघाला की तो मागेच जातो, म्हणून कोणी निघत नाही. दोन रांगा शेजारी-शेजारी धावत राहतात.

मग पुढे जायचं कसं? पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल भरायला थांबतात तिथे. कमी पेट्रोल भरावं लागलं तर गाडी लवकर सुटते. म्हणून २०२४ पासून ड्रायव्हर शर्यतीचा मोठा भाग अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, पेट्रोल वाचवत काढू लागले. दोनशे मैलांच्या वेगासाठी बांधलेल्या ट्रॅकवर जगातले उत्तम ड्रायव्हर मायलेज काढताहेत, हे पाहून वाईट वाटतं. शिफ्टला निघालेल्या माणसाने मायलेज पाहावं. शर्यतीत ते निकाल ठरवू लागलं, तर नियम चुकले आहेत.

उपायाची दिशा अटलांटाने दाखवली आहे. दीड मैलाचा हा ट्रॅक २०२२ मध्ये नव्याने बांधला, वळणांचा उतार २४ वरून २८ अंशांवर नेला आणि तिथेही कमी ताकदीचे नियम लावले. फरक इतकाच की वळणं जवळ-जवळ असल्याने गाडी हातात ठेवावी लागते, पाय उचलावा लागतो. ज्याचा सेटअप चांगला, त्याला रांग सोडून जाता येतं. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे डॅनिएल सुआरेझ, रायन ब्लेनी आणि काइल बुश तिघे एका ओळीत रेषेवर आले, सुआरेझ ०.००३ सेकंदाने जिंकले.

तेव्हा माझ्या मते पहिली दुरुस्ती टायर आणि डांबरात हवी. टॅलाडेगाचं डांबर २००६ मध्ये नवं झालं. डेटोनाला २०१० च्या शर्यतीत रस्त्यालाच खड्डा पडला, दोन तासांहून जास्त शर्यत थांबली आणि त्याच वर्षी तिथेही नवं डांबर आलं. खड्डा बुजवणं भागच होतं, पण गुळगुळीत डांबरावर टायर झिजेना आणि पाय उचलायचं उरलंसुरलं कारणही संपलं. लवकर झिजणारं मऊ रबर दिलं, तर वीस फेऱ्यांनी गाडी घसरू लागेल आणि मग माणसाचा हात दिसेल. दुसरी दुरुस्ती गाडीचा हवेचा अडथळा कमी करण्याची. ताकद वाढवू नका, पण थप्पड हलकी करा. शर्यतीचे टप्पे इतके आखूड ठेवा की पेट्रोल वाचवून काही मिळू नये. आणि मागच्याला अडवायला पुढच्याने सारखं डावी-उजवीकडे हलणं बंद करा. अनेक मोठे अपघात त्यातून सुरू होतात.

आपल्याकडे या खेळाच्या सगळ्यात जवळची गोष्ट चाकणहून आली. फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलो कप सुरू केला, पुढे व्हेंटो आणि २०१७ मध्ये अमिओ. चाकणच्या गाड्या, सगळ्यांना एकसारख्या, म्हणजे सरळ रस्त्यावर पुढच्याचा आडोसा घ्यायचा आणि वळणाआधी बाहेर काढायची. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते याच गाड्यांवर पुढे आला. कोइम्बतूरचे नारायण कार्तिकेयन तर २०१० मध्ये थेट नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरले आणि त्या वर्षीचे सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरले. पण चाकणच्या त्या गाड्यांची शर्यत बघायची तर चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावं लागे. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, तोही चाचणीसाठी.

बजाजचा वाळूज कारखाना १९८५ मध्ये सोळा महिन्यांत उभा राहिला आणि त्याच्या नावाने बजाजनगर ही वसाहत वसली. इथल्या घराघरात गिअर, क्लच, ब्रेक, टायर यातलं काहीतरी बनवणारे हात आहेत. शेंद्र्याला स्कोडा आहे, बिडकीनला टोयोटा किर्लोस्कर आणि एथरच्या प्रकल्पांची घोषणा २०२४ मध्ये झाली. पण गाडी तिच्या पूर्ण दमाने चालवून पाहायची जागा मराठवाड्यातल्या पोरांना नाही. म्हणून ती नगर रोडवर रात्री कंटेनरच्या मागे लागतात. ना हान्स, ना भिंतीला आवरण, आणि पुढच्या ड्रायव्हरला मागे कोणी आहे हे माहीतही नसतं.

ऑरिकच्या शेंद्रा-बिडकीनमध्ये दहा हजार एकर आखले आहेत. त्यातले शंभर एकर साध्या, उताराच्या वळणांच्या, जाळी आणि रुग्णवाहिका असलेल्या ट्रॅकसाठी द्यावेत, ही मागणी वाळूजच्या कामगार संघटनांनी आणि उद्योजकांनी मिळून करावी. तोवर पंढरपूरच्या पुढे कंटेनर दिसला, तर वारा सोसा, दहा मिनिटं उशिरा पोचा, पण त्याच्या मागे शिरू नका.